गोदामातली घंटी

इतवारीत भांड्यांच्या बाजारामागे एक चिंचोळी गल्ली होती. अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात, एका सकाळी उजाडता उजाडता, जयवंता सडा टाकायला बाहेर आली आणि झोपेतल्या डोळ्यांनीच तिनं तांब्याभर पाणी दारापुढे नेहमीच्या जागी फेकलं. त्या जागी जमीन नव्हती. खड्डा होता; आणि खड्ड्यात माणूस बसलेला होता.

"अवं बाई... केबल ओली होते ना!"

आवाज आधी आला, मग डोकं वर आलं. केसांवरून पाणी ओघळत होतं, गळ्यातला मफलर चिंब झाला होता, आणि एवढ्या थंडीत तो गडी स्वतःचं तोंड पुसायचं सोडून मांडीवरच्या जाड काळ्या दोरखंडासारख्या कशावर तरी आपला कोट पांघरत होता.

"रस्त्यात खड्डा काहून केला पण?" चूक आपली असल्यामुळेच जयवंतानं आवाज चढवला.

"काल संध्याकाळी केला. तुम्ही घरी नव्हत्या."

"मी घरी नव्हती हे तुम्हाले काय माहीत?"

"घरी असत्या तर कालच भिजलो असतो."

जयवंताला हसू आलं, आणि आल्यासरशी ती दचकली. त्या घरात दिवाळीपासून कोणी हसलेलं नव्हतं.

तिनं आतून पंचा आणून दिला. त्याचं नाव रविंद्र. टेलिफोन खात्यात तो केबल जोडायचं काम करायचा. गल्लीखालची जुनी केबल सडली होती. पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरायचं आणि एकाच्या फोनवर दुसऱ्याची भांडणं ऐकू यायची. आता नवी केबल आली होती. डोकं पुसत पुसत त्यानं समजावून सांगितलं, की प्रत्येक फोनसाठी दोन तारांची एक जोडी असते. जुन्या केबलीतली एकेक जोडी सोडवायची आणि नवीत बांधायची. तारांवर नुसता कागद गुंडाळलेला असतो, पाणी लागलं की संपलं. ज्याची पाळी झाली त्याचा फोन सुरू. तोवर सगळी गल्ली मुकी.

"आमची पाळी कधी?"

"तुमचं घर टोकाचं. म्हणजे सगळ्यात शेवटी. हा महिना जाईल."

जयवंताच्या हातातला तांब्या खाली आला. "चालायचं नाही. आमचा फोन बंद नाही होऊ शकत."

"सगळेच असं म्हणतात, बाई."

"सगळ्यांची बहीण अडकली नाही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

बहीण खरंच अडकली होती. जयवंताची थोरली बहीण गोपिका नरखेडकडच्या एका खेड्यात दिली होती. संत्र्याचा बगीचा, विहिरीवर पंप, दारात मोटारसायकल. मुलगी देताना वडिलांनी, महादेवरावांनी, सारं पाहून घेतलं होतं. माणसं पाहायची राहिली. आई नसलेल्या पोरी, सल्ला द्यायला कोणी बाई नाही, आणि महादेवराव भांड्यांच्या बाजारातले, नाद ऐकून पितळ ओळखणारे. सासू कांताबाईंचा नाद त्यांना लग्नानंतर ऐकू आला.

गोपिकाला सातवा लागला तेव्हा रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला न्यायला ते दिवाळीत गेले. कांताबाईंनी त्यांना ओसरीवरूनच परत धाडलं. संत्र्याची तोड सुरू आहे, घरात हात पाहिजेत, आमच्या सवडीनं पाठवू, निरोप आला की या. महादेवराव तापट. अंगणात उभं राहून ते म्हणाले, की आता बोलावल्याशिवाय या दारात पाय ठेवणार नाही. गोपिका खांबाआड उभी राहून ऐकत होती.

तेव्हापासून निरोप यायची वाट एकच होती, ती म्हणजे फोन. बाजाराच्या दिवशी गोपिका दिरासोबत नरखेडला यायची. तिथे संत्र्यांचे अडते मधुकरराव महादेवरावांचे जुने स्नेही होते आणि त्यांच्या अडतीत फोन होता. कांताबाईंनी होकार दिला की गोपिकानं तिथून ट्रंककॉल लावायचा आणि महादेवरावांनी मिळेल त्या एसटीनं निघायचं. पण हे सगळं अमावास्येच्या आत व्हायला हवं होतं. अमावास्येनंतर पौष. पौषात लेकीसुनांना कोणी पाठवत नाही, कोणी आणत नाही, आणि कांताबाई तर शिवाशिवीसारखा पौष पाळायच्या. पौष सरेपर्यंत गोपिकाचे दिवस भरले असते. त्या खेड्यात डॉक्टर नव्हता, आणि गोपिका साध्या तापानं आठवडाभर आडवी होणारी पोर.

खड्डा पाहिल्यावर महादेवरावांनी त्याच दिवशी मधुकररावांना कळवून टाकलं: गल्लीतले फोन बंद राहणार आहेत, एक्स्चेंजवाल्यानं लाइन बंद म्हटलं तर तुम्ही लगेच तार करा. ते निश्चिंत झाले. जयवंता झाली नाही. तार म्हणजे चार कोरडे शब्द, तेही दुसऱ्याचे. तिला बहिणीचा आवाज हवा होता. आवाजावरून तिला कळलं असतं, गोपिका जेवली की नाही.

मग खड्ड्याशी चहा जाऊ लागला. पहिल्या दिवशी पाणी फेकल्याची भरपाई म्हणून, दुसऱ्या दिवशी थंडी फार म्हणून. तिसऱ्या दिवशी कारण शोधायचं राहूनच गेलं. समोरच्या इंदूबाई वाळवण घालता घालता म्हणाल्या, "जयवंते, सरकारी माणसाले सरकार चहा देत नाही का वं?" जयवंता म्हणाली, की देते, पण साखर कमी असते. खड्ड्यातून कोणीतरी खोकलं.

पायरीवर बसून ती त्याचं काम पाहायची. खड्ड्यावर लहानसा तंबू, आत वितळलेल्या मेणाचा गोडसर वास. रविंद्रची बोटं केसाएवढ्या तारा वेगळ्या करायची, एकमेकींना पीळ द्यायची, वर कागदाची बारीक नळी सरकवायची. बोटं काळी होती, पण तारेला हात लावताना लहान मुलाच्या कानाला लावावा तशी हळू व्हायची. तो फार बोलायचा नाही. बोलला की खाली पाहून बोलायचा, आणि शेवटचा शब्द उरला की वर पाहायचा... तेवढ्या एका शब्दासाठी जयवंता थंडीत बसून राहायची.

"इतक्या तारा. एखादी चुकत नाही?" तिनं एकदा विचारलं.

"चुकते ना. मग शेठजीचा फोन सासऱ्याकडे वाजते."

"तुमची चुकली कधी?"

"अजून तर नाही." शेवटचा शब्द उरला होता. त्यानं वर पाहिलं. "पण तुम्ही अशा समोर बसत जाल... तर चुकेल."

ती उठून आत गेली. पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटत होतं, आणि गल्लीत ऊन अजून आलं नव्हतं.

बाजाराचा दिवस जवळ येत होता. एका दुपारी त्याच्या हातात कप देऊन ती म्हणाली, "एक मागू?"

"मागा."

"नाही म्हणायचं नाही."

"मग मागता कायले? सांगूनच टाका."

तिनं सांगितलं. गोपिकाचं, कांताबाईंचं, पौषाचं, सगळं. फक्त आमचा एक फोन आधी सुरू करून द्या. रविंद्रनं कप हातात फिरवला. मग म्हणाला, की क्रम साहेबांनी लावून दिला आहे, मधलीच जोडी उचलली तर मागच्यांचा घोळ होतो, आणि तसं कोणी करत नाही.

"म्हणजे नाही." जयवंतानं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि ती वळली.

"थांब," तो म्हणाला. आतापर्यंत तो तिला 'तुम्ही' म्हणत होता.

ती थांबली. गोपिकासाठी थांबली हे खरंच होतं. पण त्या एका शब्दानं छातीत जे काय हललं, ते गोपिकासाठी नव्हतं. आणि हे तिला त्याच क्षणी कळलंही होतं.

त्यानं युक्ती काढली. महादेवरावांच्या घराच्या पाठभिंतीला लागून देवराव शेठचं धान्याचं गोदाम होतं. गोदामाची जोडी नव्या केबलीत तयार होती, पण शेठ लेकीच्या लग्नासाठी गावी गेलेले, गोदामाला कुलूप. ती जोडी कोणाच्या कामाची नव्हती. रविंद्रनं तिचं इकडचं टोक गोदामाच्या बाहेरच्या भिंतीवर सोडवून महादेवरावांच्या फोनला लावलं, आणि गल्लीच्या तोंडाशी जी लोखंडी पेटी असते, जिथून सगळ्या तारा एक्स्चेंजकडे जातात, तिथे त्याच जोडीवर महादेवरावांचा नंबर चढवला. दोन टोकं, दोन्ही बदललेली. महिनाअखेरीस दोन्ही पुन्हा जागच्या जागी. त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

संध्याकाळी मुका फोन एकदम खणखणला. जयवंतानं धावत जाऊन उचलला.

"हॅलो... ऐकू येते?" गल्लीच्या तोंडाशी पेटीजवळ उभा राहून तो तपासणीच्या यंत्रातून बोलत होता. खिडकीतून तिला त्याची पाठ दिसत होती.

"येते."

"बोल काहीतरी. लाइन तपासून राहिलो."

"काय बोलू?"

"काहीही."

तारेत नुसता श्वास येत-जात होता.

"तपासून झाली?" अखेर तिनं विचारलं.

"थोडी राहिली आहे अजून," तो म्हणाला, आणि खिडकीतून दिसणारी पाठ वळली.

बाजाराच्या दिवशी गोपिकाचा फोन आला. आवाज खोल गेलेला, धापेचा. सासूनं अजून नक्की सांगितलं नव्हतं, पण तोड संपत आली होती. पुढच्या बाजारापर्यंत ठरेल म्हणाली. बाबांनी विचारलं, जेवतेस ना. ती हो म्हणाली आणि जयवंताला कळलं की नाही. फोन ठेवता ठेवता गोपिका म्हणाली, "पुढच्या बाजारी लावतो मी. उचलजो हं, जयू."

पुढच्या बाजाराच्या आदल्या रात्रीपासून आभाळ भरून आलं. सकाळी थंडगार पाऊस लागला, तो थांबेचना. मार्गशीर्षातला तो पाऊस कोणी मागितला नव्हता. शेतातला हरभरा, अंगणातलं वाळवण, सगळं नासवत तो पडत राहिला. शहरभर उघड्या पडलेल्या खड्ड्यांत पाणी उतरू लागलं. साहेबांनी माणसं पळवली. रविंद्रला पहाटेच दुसऱ्या भागातला बुडता खड्डा उपसायला पाठवलं, आणि या गल्लीतल्या उघड्या तारा आजच्या आज नीट लावून खड्डा झाका म्हणून दुसरी टोळी आली.

त्या टोळीनं नेकीनं काम केलं. गोदामाची तार भलत्याच घरात गेलेली त्यांना दिसली. ती त्यांनी काढून गोदामाच्या भिंतीवर, तिच्या हक्काच्या जागी लावली. पेटीतल्या टोकाची गोष्ट त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तंबूवर ताडपत्री आवळून ते पुढच्या गल्लीत गेले.

जयवंता सकाळपासून फोनजवळ बसली होती. दुपारी तिनं तो उचलून पाहिला. आत काहीच नव्हतं, साधी खरखरही नाही. ती पावसात बाहेर पडली. ताडपत्रीखाली कोणी नव्हतं. बाबा म्हणाले, "बंद तर बंद. मधुकरराव तार करतीन. तू कायले जीव टाकून राहिली?"

ती परत येऊन बसली. पत्र्यांवर पाऊस वाजत होता. त्या आवाजात पाठभिंतीपलीकडून कुठूनतरी बारीक घंटी ऐकू आली. वाजली, थांबली. बऱ्याच वेळानं पुन्हा वाजली. देवराव शेठचा फोन सुरू झाला वाटतं, तिच्या मनात आलं. रिकाम्या गोदामाला फोन आणि आपला बंद. मग वाटलं, चला, शेजारी आला म्हणजे आपलाही येईलच. तिसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

तार त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महादेवराव म्हणाले, तार नाही म्हणजे त्यांचं ठरलं नाही, आणि आपणहून फोन करून विचारणं म्हणजे नाक घासणं. न बोलावता गेलो आणि पुन्हा ओसरीवरून हाकललं, तर पोरीचं येणं कायमचं तुटेल. ते चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. अमावास्या झाली. पौष लागला.

पाऊस ओसरल्यावर रविंद्र आला. पेटी उघडून त्यानं घोळ पाहिला, निस्तरला, आणि खिडकीखालून सांगितलं, की पावसानं दोन दिवस गडबड केली होती, आता ठीक आहे. दोघांनाही त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. ती त्याच्या भिजून ताठलेल्या कोटाकडे पाहत होती. म्हणाली, वाळवून देते.

पौष निम्मा सरला आणि मधुकररावांची तार आली. गोपिका अत्यवस्थ. ताबडतोब निघा.

महादेवरावांनी शपथ मोडली, पौषही मोडला. ते पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. दिवस भरायच्या आत पोट दुखू लागलं, गावातल्या म्हातारीनं दोन रात्री काढल्या, बैलगाडीनं नरखेडला न्यायचं की नाही यावर घरात वाद झाला. मुलगा झाला. सकाळी झाला आणि दुपारी गेला. गोपिका वाचली, वाचली म्हणायचं इतकीच. पौष असूनही कांताबाईंनी तिला पाठवायला हरकत घेतली नाही. तिच्याकडून घ्यायचं आता काही उरलं नव्हतं.

घरी आणल्यावर गोपिका भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पेज तोंडाशी नेली तर दोन घोट घ्यायची. बाबा खोलीत आले की डोळे मिटायची. महादेवराव दाराशी उभे राहून, घसा खाकरून, निघून जायचे. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा जयवंता तिचे केस विंचरत असताना ती आपणहून बोलली, भिंतीशीच बोलावं तसं.

"मी तीनदा लावला, जयू. त्या पावसाच्या बाजारी. अमावास्येच्या आत न्या म्हणून सासूनं म्हटलं होतं. एक्स्चेंजवाला म्हणे घंटी जाऊन राहिली, कोणी उचलत नाही. दीर हसत होता. मधुकरकाका म्हणे पुन्हा लावतो, तार करतो. मी म्हटलं, राहू द्या काका. वाजूनही उचलत नाहीत तर..." ती थांबली. "बाबा तसंच म्हणून गेले होते ना. पाय ठेवणार नाही म्हणून."

जयवंताच्या हातातली फणी केसांत अडकून राहिली. फोन तर मुका होता. मुका फोन वाजेल कसा?

रविंद्र तेव्हा बाजाराच्या पलीकडच्या अंगाला काम करत होता. ती भर दुपारी तिथे गेली, चार माणसांसमोर त्याला बाजूला बोलावलं आणि विचारलं. उत्तर द्यायच्या आधीच त्याचा चेहरा उतरत गेला. पेटीतलं टोक. नंबर महादेवरावांचा, तार गोदामाची. त्या दिवशी जो कोणी महादेवरावांना फोन करेल, त्याची घंटी...

"गोदामात," जयवंता म्हणाली. "मी ऐकली."

तिथेच फुटपाथवर ती खाली बसली. तिनं ती तिन्ही वेळा ऐकली होती. तांदूळ निवडता निवडता ऐकली होती.

फोन साधा बंद असता, क्रमानं, साहेबांच्या हिशेबानं बंद असता, तर एक्स्चेंजवाल्यानं लाइन बंद म्हटलं असतं, मधुकररावांनी तार केली असती, आणि महादेवराव संध्याकाळच्या एसटीत बसले असते. इतकं साधं होतं ते. एका माणसाचा एका मुलीवर जीव जडला म्हणून त्यानं तिचा फोन सुरू केला, आणि त्यामुळेच सगळं बंद झालं.

रविंद्र तिच्यासमोर उकिडवा बसला. मी येतो, सगळं सांगतो म्हणाला. जयवंतानं त्याला अडवलं. बाबा त्याला जिवंत सोडणार नाहीत, नोकरी जाईल, आणि... बाळ काही परत येणार नव्हतं. मग निदान हे एक तरी वाचावं, असं तिला वाटलं. माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो.

घरी येऊन तिनं गोपिकाला सांगितलं, की एक्स्चेंजची काहीतरी चूक झाली होती म्हणे, आमच्याकडे वाजलंच नाही. गोपिका म्हणाली, "असंल," आणि भिंतीकडे वळली. तो 'असंल' ऐकून जयवंताला कळलं, की ही आता असंच म्हणत राहील. जेव म्हटलं तर असंल, जग म्हटलं तर असंल. घाईघाईनं दिलेली समजूत तिनं लहान मुलासारखी तोंडात धरली होती आणि गिळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा खाली दुकानात असताना, जयवंता तिच्या उशाशी बसली आणि पहिल्या तांब्यापासून सांगू लागली. खड्डा, चहा, गोदामाची जोडी, पेटीतलं टोक, पाऊस. भिंतीपलीकडची घंटी. काही गाळलं नाही.

"तुह्यासाठीच मागितलं मी," ती म्हणाली. "पण नुसतं तुह्यासाठी नाही, ताई. माह्यासाठी तो नियम मोडते का, तेही पाहायचं होतं मले. अर्धं तुह्यासाठी होतं, अर्धं माह्यासाठी. आता कितीही वजन केलं तरी कोणतं जास्त होतं ते कळत नाही."

गोपिकानं अंगावरची गोधडी बाजूला सारली.

"त्याले बोलाव," गोपिका म्हणाली.

रविंद्र आला तो कामाच्या कपड्यांतच. खोलीच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी उंबरठ्याच्या अलीकडेच. त्यानं माफी मागितली नाही. घडलं ते सांगितलं, शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुलासारखं, एकामागून एक. सकाळीच साहेबांना सगळं सांगून आलो हेही सांगितलं.

गोपिका उठून बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आधाराशिवाय.

"म्हणजे वाजत होता तो," ती म्हणाली. "खरंच वाजत होता."

"हो, ताई."

"तिथं कोणीच नव्हतं?"

"पोती होती. कुलूप होतं."

"आणि बाबा?"

"ते इथं होते. घरातच." त्यानं मान वर केली. "तुमचीच वाट पाहत होते."

गोपिका रडू लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग जो आवाज आला तो त्या बारीक अंगातून यावा एवढा नव्हता. जिन्यात महादेवराव उभे होते. ते कधी वर आले कोणाला कळलं नाही. ते रविंद्रच्या अंगावरून, त्याला पाहिलं न पाहिलंसं करून आत गेले आणि लेकीच्या पायाशी बसले. तिनं या वेळी डोळे मिटले नाहीत. त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला आणि रडत राहिली. बराच वेळ गेल्यावर महादेवराव मागे न वळता म्हणाले, "पोरा, तू खरं बोलला. पण माह्या दारात पुन्हा येऊ नको. तुले पाहिलं की मले ती घंटी ऐकू येईल."

"जी," रविंद्र म्हणाला.

जयवंता त्याच्यामागून जिना उतरली. बाबांनी तिला अडवलं नाही. खड्डा केव्हाच बुजला होता; नव्या मातीवरून हातगाड्या जात होत्या. समोर इंदूबाई उभ्या होत्या, त्या काही न बोलता आत गेल्या.

"साहेब काय म्हणाले?"

"बदली करतीन. चांद्याकडे बहुतेक. नोकरी राहील म्हणतात." त्यानं बोटांवरचं मेण नखानं खरवडलं. "तू मागितलं म्हणून केलं असं साहेबांले सांगितलं नाही मी. कारण ते खरं नाही. तू नसतं मागितलं तरी... मी काहीतरी केलंच असतं. तुह्यासाठी काही करायचं होतं मले. बस, दुसरं काही करता येत नव्हतं."

"मले माहीत आहे," जयवंता म्हणाली. तिला आणखी एक सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर तो गेला नसता, आणि न जाऊन दोघांनी काय केलं असतं? वर बहीण रडत होती. तिच्या रडण्यावर घर बांधता येत नाही. "मलेही," ती इतकंच म्हणाली. "तुमच्याइतकंच."

त्यानं शेवटचा शब्द उरल्यासारखं वर पाहिलं. पण बोलला नाही. मग वळून गर्दीत शिरला. भांड्यांच्या दुकानांतून ठोक्यांचा आवाज येत होता, त्यात त्याची पावलं लगेच हरवली.

ती वर आली तेव्हा बाबा खाली गेले होते. गोपिका आडवी होती, पण भिंतीकडे नाही. दाराकडे तोंड करून.

"गेला?"

"गेला."

"मग तू रडत काहून नाही?"

"तुह्यापुढं कशी रडू, ताई?"

गोपिका पलंगावर जरा मागे सरकली आणि गोधडीचं टोक उचललं. लहानपणी आई गेली तेव्हा दोघी अशाच निजायच्या. जयवंता तिच्याजवळ शिरली. गोपिकाचे पाय बर्फासारखे गार होते.

"मी त्याचं नाव ठेवलं होतं," गोपिका गोधडीतच म्हणाली. "सकाळी झाला न् दुपारपर्यंत होता. तेवढ्यात ठेवलं. कोणालेच सांगितलं नाही. बाराव्याच्या आधी नाव घेत नाहीत म्हणून."

"मले सांग."

गोपिकानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. जयवंतानं ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं. गोपिकानं डोळे मिटून ऐकलं.

"आता तुह्या त्याचं सांग," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत जयवंतानं ते नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. चहा देताना नाही, फोनवर नाही, आत्ता दारातही नाही. तिनं बहिणीच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. मग तिला रडू आलं, आणि गोपिकानं गोधडी दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली.